माळ्यावरचा टीव्ही गेम : भंगारात देण्याआधी



दिवाळीची साफसफाई निघाली, नाहीतर घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचं ठरलं, की माळा रिकामा करावा लागतो. तिथे जुन्या पाट्या-वरवंट्याशेजारी एखादं खोकं असतंच. त्यात मुलांचा टीव्ही गेम, दोन रिमोट, गुंतलेल्या वायरी आणि तीन-चार पिवळ्या कॅसेटी. खेळणारी मुलं आता कामाधंद्याला लागलेली, कुणाची तर लग्नंही झालेली. दारात भंगारवाला उभा असतो. तो खोकं काट्यावर टाकतो, प्लास्टिकचा भाव सांगतो आणि घेऊन जातो.

दुसरीकडे मोबाइलवर बातमी येते की परदेशात जुनी गेमची कॅसेट कोट्यवधी रुपयांना विकली गेली. मग वाटतं, आपण सोनं तर भंगारात घातलं नाही ना?

खरं या दोन्हींच्या मधे आहे. आपल्याकडचा टीव्ही गेम बहुतेक वेळा सोनं नसतो. पण तो नुसतं भंगारही नसतो. वस्तू काय आहे हे आधी ओळखायचं, मग तिचं काय करायचं ते ठरवायचं. आज आपण तेवढंच समजून घेऊ.

हे यंत्र आलं कुठून

जपानमध्ये क्योतो नावाचं जुनं शहर आहे. तिथे १८८९ साली निन्टेंडो ही कंपनी सुरू झाली. तेव्हा ती फुलांची चित्रं असलेले पत्ते बनवायची. पुढे ती खेळण्यांकडे वळली आणि १५ जुलै १९८३ रोजी तिने घरच्या टीव्हीला जोडायचं एक लाल-पांढरं यंत्र बाजारात आणलं. नाव होतं फॅमिली कॉम्प्युटर, लोक त्याला म्हणायचे फॅमिकॉम. किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने ते घडवलं. दोन वर्षांनी, १९८५ साली, तेच यंत्र वेगळ्या आकारात आणि वेगळ्या नावाने अमेरिकेत गेलं. जगभरात मिळून अशी सहा कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरांत आलं ते मात्र बहुतेक हे मूळ यंत्र नव्हतं. त्याच्या आतल्या जोडणीची नक्कल करून तैवान, हाँगकाँग आणि चीनमध्ये स्वस्त यंत्रं बनू लागली होती. इथे ती मीडिया, लिटल मास्टर अशा वेगवेगळ्या नावांनी मिळायची. मारिओ आणि काँट्रा हे खेळ आपल्या पोरांनी खेळले ते अशाच यंत्रांवर. ज्यांच्या घरी यंत्र नव्हतं ती मुलं बाजारपेठेतल्या दुकानात तासावर पैसे देऊन खेळायची.

किंमत कशाने ठरते

वस्तू जुनी आहे म्हणून तिला भाव येतो असं नाही. जुन्या पैठणीला भाव असतो, जुन्या परकराला नसतो. दोन्ही तितकेच जुने असले तरी.

याचं एक खरं उदाहरण सांगते. अमेरिकेत अटारी नावाची गेमची मोठी कंपनी होती. १९८३ साली तिथला गेमचा बाजार कोसळला. न खपलेल्या आणि परत आलेल्या कॅसेटी ट्रक भरभरून न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावी नेल्या, कचरा डेपोत पुरल्या आणि वरून काँक्रीट ओतलं. २६ एप्रिल २०१४ रोजी ती जागा खणली. सुमारे १,३०० कॅसेटी वर काढल्या. काही संग्रहालयांत गेल्या, कित्येक शहराने लिलावात विकल्या. त्यातून एक लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली. मातीने माखलेल्या, चालतील की नाही ठाऊक नसलेल्या त्या कॅसेटी. त्यांना पैसे आले ते त्यांच्यामागे असलेल्या गोष्टीमुळे, आणि ही त्याच खड्ड्यातली कॅसेट आहे असा कागद सोबत असल्यामुळे.

दुसरं उदाहरण कोट्यवधींच्या बातमीचं. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४' या खेळाची एक कॅसेट १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. पण ती दुकानातून आणल्यापासून कधी उघडलेलीच नव्हती. वरचं पातळ प्लास्टिकसुद्धा जसंच्या तसं होतं. आपल्या पोरांनी खेळून खेळून बटणं झिजवलेल्या गेमला ती बातमी लागू होत नाही.

आणि तिसरं. सोनी कंपनीचं प्लेस्टेशन टू हे यंत्र २००० साली आलं आणि १५ कोटींहून जास्त खपलं. इतकं खपलेलं यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते दुर्मीळ नसतं, म्हणून त्याला अवाच्या सवा भाव येत नाही.

थोडक्यात, संग्रह करणारा माणूस पाच गोष्टी बघतो. वस्तू मूळ कंपनीची आहे का. ती मिळायला अवघड आहे का. खोकं आणि पुस्तिका सोबत आहेत का. चालू आहे का. आणि दिसायला कशी आहे. म्हणून माळ्यावर रिकामं पुठ्ठ्याचं खोकं सापडलं तर ते चुलीत घालू नका. कधीकधी यंत्राइतकीच किंमत खोक्याची असते.

मूळ की नक्कल

हे घरबसल्या ओळखता येतं. कॅसेटच्या उघड्या कडेला सोनेरी-पिवळसर पट्ट्या दिसतात. फॅमिकॉम आणि त्याच्या नकलांच्या कॅसेटीला अशा एकूण ६० पट्ट्या असतात, दोन्ही बाजूंना तीस-तीस. अमेरिकेतल्या कॅसेटीला ७२. म्हणजे एकीची कॅसेट दुसऱ्या यंत्रात थेट बसत नाही. विकत घेताना हे मोजून बघा.

कॅसेटवर '९९९९ गेम एकात' असं काही लिहिलं असेल तर ती नक्कल आहे. आत खेळ थोडेच असतात. तेच खेळ नावं बदलून, मधल्याच टप्प्यापासून सुरू करून यादी लांबवलेली असते.

कॅसेट उघडली आणि आतल्या हिरव्या पट्टीवर काळ्या डांबराचा थेंब पडल्यासारखं दिसलं, तर तीही बहुधा स्वस्त नक्कल समजा. त्या थेंबाखाली चिप असते. मूळ कंपनीच्या कॅसेटीत बहुतेक वेळा चौकोनी चिप असते, तिला पाय असतात, तिच्यावर आकडे छापलेले असतात आणि पट्टीवर कंपनीचं नाव असतं.

आखातात नोकरीला गेलेल्या कुणी तिकडून आणलेलं यंत्र असेल, तर ते जरा जास्त नीट बघा. त्यात मूळ कंपनीचं निघण्याची शक्यता अधिक. सेगा, गेम बॉय, प्लेस्टेशन अशी नावं दिसली तर खोकं, वायरी, पुस्तिका सगळं एकत्र ठेवा.

साफसफाई कशी करायची

कॅसेट लागली नाही की पोरं तिच्यात फुंकर मारायची, आठवतं? ती सवय वाईट. तोंडातली वाफ आणि थुंकीचे बारीक कण त्या पट्ट्यांवर बसतात आणि धातू खराब होतो. फुंकर मारल्यावर गेम चालू व्हायचा तो फुंकरीने नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा घातल्याने. पट्ट्या जरा घासल्या जायच्या आणि जोड लागायचा.

आता योग्य रीत ऐका. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. दुकानदाराला 'आयपीए' म्हटलं तरी कळतं. नव्वद टक्क्यांहून जास्त असलेलं घ्या, म्हणजे त्यात पाणी कमी. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला थोडंसं लावा आणि पट्ट्यांवरून उभं फिरवा. कापूस काळा होईल. काडी बदला, पुन्हा फिरवा. कापूस पांढरा निघेपर्यंत करा. मग अर्धा तास वाळू द्या आणि नंतरच कॅसेट लावा. डाग जिद्दी असेल तर शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि पडलेला चुरा पुसून घ्या. पॉलिश पेपर, राख, तारेची घासणी, खोबरेल तेल यातलं काहीही लावू नका. पट्ट्यांवरचा मुलामा फार पातळ असतो, तो निघाला की कॅसेट गेली.

हे अल्कोहोल पेट घेतं. चूल, गॅस, उदबत्ती यांच्यापासून लांब, खिडकीजवळ बसून काम करा. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

वरचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर त्यावर ऊन आणि काळ या दोघांचा परिणाम झालेला असतो. जुन्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिनयुक्त द्रव्य घालत, त्यामुळेही रंग उतरतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरेपणा येतो असं सांगतात आणि येतोही. पण ते जोरदार द्रव्य कातडी भाजतं, डोळ्यात गेलं तर इजा करतं, आणि काही महिन्यांनी पिवळेपणा परत येऊ शकतो. आपण त्या वाटेला जाऊ नये. आतली पट्टी बाहेर काढून नुसतं वरचं कवच भांड्यांच्या सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. तेवढं पुरे.

विजेच्या बाबतीत घाई नको

माळ्यावरून काढलं आणि लगेच बोर्डात घातलं, असं करू नका. आधी अडॅप्टर बघा. वायर उंदराने कुरतडलेली नाही ना, उष्णतेने वितळलेली नाही ना. अडॅप्टरवरचं लिखाण वाचा. जपानचा मूळ अडॅप्टर १०० व्होल्टवर चालतो आणि आपल्या बोर्डात २३० व्होल्ट येतात. तो थेट लावला तर जळतो.

दुसरं, अडॅप्टरच्या पिनेत आत एक टोक आणि बाहेर एक टोक असतं. काही यंत्रांना आतलं टोक ऋण लागतं, काहींना धन. यंत्राच्या मागे एका वर्तुळाच्या खुणेने ते दाखवलेलं असतं. पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं नाही. व्होल्ट आणि टोक दोन्ही जुळले पाहिजेत, नाहीतर चालू असलेलं यंत्र एका क्षणात बंद पडतं.

नव्या सपाट टीव्हीला जुन्या पिवळ्या-पांढऱ्या पिनेची जागा नसेल तर एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर नावाची छोटी डबी लागते. गेमसोबत बंदूक असेल तर ती मात्र सपाट टीव्हीवर चालत नाही. त्या बंदुकीतून काही सुटत नाही, उलट तिच्यात प्रकाश ओळखणारा डोळा असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो प्रकाश त्याच क्षणी बंदुकीला दिसला तर नेम लागला. नव्या टीव्हीत चित्र थोडं उशिरा उमटतं, म्हणून नेम चुकतो. बंदूक बिघडली असं समजून ती टाकून देऊ नका.

जुना फुगीर काचेचा टीव्ही असेल तर त्याचं मागचं झाकण घरी कधीही उघडू नका. बोर्डातून काढला तरी त्यात जीवघेणा झटका देण्याइतकी वीज साठून राहते.

बटण सेलची गोष्ट

काही कॅसेटींत खेळ जिथे थांबला ती जागा लक्षात ठेवायला चपटा, गोल बटण सेल असतो. तो दहा-वीस वर्षांत संपतो. तो बदलला की साठवलेला खेळ पुसला जातो, हे आधीच माहीत असू द्या. सेलला पत्र्याचे पाय जोडून आलेला नवा सेल बाजारात मिळतो. तोच आणावा. साध्या सेलवर थेट डाख दिला तर तो तापून फुटू शकतो.

पण याहून मोठी गोष्ट मुलांची. लहान मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. बाहेरून काही दिसत नाही. मूल लाळ गाळतं, खात नाही, रडतं. नुसता संशय आला तरी थांबू नका. ओकारी काढू नका. सरळ दवाखान्यात न्या आणि 'बटण सेल गिळला असेल' हे शब्द डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. काढलेला जुना सेलही चिकटपट्टीत गुंडाळून उंचावर ठेवा. वापरलेल्या सेलमध्येही इजा करण्याइतकी वीज उरलेली असते.

दुरुस्ती आपल्या हातची आहे

टीव्ही गेमचे निम्मेअधिक बिघाड साधे असतात. रिमोटची वायर मुळाशी तुटलेली असते. बटणाखालचं रबर मळलेलं असतं. अडॅप्टर मेलेला असतो. किंवा ७८०५ नावाचा तीन पायांचा छोटा भाग गेलेला असतो. त्याचं काम एवढंच की आलेली वीज पाच व्होल्टवर आणून पुढे द्यायची. तो काही रुपयांत मिळतो.

हे करायला एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंगची सळई आणि नेटकी बोटं लागतात. मंगळसूत्राचे मणी ओवणाऱ्या, जरदोजीचा टाका घालणाऱ्या हातांना डाख द्यायला शिकणं अवघड नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग असेल तर गटातल्या दोघी-तिघींनी चौकशी करावी. टीव्ही गेम हा शिकायला चांगला, कारण बिघडला तरी नुकसान थोडं. तोच हात पुढे मिक्सर, रेडिओ, सोलर दिवा यांवर चालतो, आणि त्याला गावात रोजचं गिऱ्हाईक आहे. डाख देताना धूर नाकात घेऊ नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा, कारण जुन्या डाखात शिसं असतं.

घेताना आणि विकताना

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी जुनं सामान मिळतं, पण आता बरीचशी देवघेव मोबाइलवरूनच होते. विकायचं असेल तर उजेडात चारही बाजूंनी फोटो काढा. कॅसेटच्या पट्ट्या, मागचं लिखाण, तडा असेल तर तोही दाखवा. टीव्हीवर चालू असलेला व्हिडिओ काढा. नक्कल असेल तर नक्कल म्हणूनच सांगा. त्यालाही घेणारे असतात, लहानपणीची आठवण म्हणून. एकाच माणसाच्या भावावर न जाता तीन-चार ठिकाणी तशीच वस्तू कितीला विकली गेली ते बघा. मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत फार अंतर असतं.

विकत घेताना 'बंद आहे, पण किरकोळ बिघाड' या शब्दांवर पैसे देऊ नका. चालू असल्याचा व्हिडिओ मागा.

आणि हे गाठीला बांधून ठेवा : पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. 'तुमचे पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका' असं कुणी म्हणालं तर तो आपले पैसे काढायला बसला आहे. फोन ठेवा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

अगदीच मेलेलं असेल तर

सगळं करूनही यंत्र चालू झालं नाही, तर कवच, रिमोट, वायरी वेगळ्या करून ठेवा. दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग हवे असतात. उरलेलं उकिरड्यावर टाकू नका, आणि तांबं काढायला वायरी जाळू तर मुळीच नका. तो धूर विषारी असतो. तो आधी जाळणाऱ्याच्या छातीत जातो आणि मग अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. असा कचरा नोंदणी केलेल्या केंद्रातच जायला हवा. एका घरचं सामान थोडं असतं. पण गटाने गावभरातलं बंद सामान एका पोत्यात जमवलं, तर ग्रामपंचायतीमार्फत ते योग्य जागी पाठवणं सोपं जातं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी माळा आवराल तेव्हा तीन कामं करा. खोक्यावरचं नाव आणि कॅसेटीच्या पट्ट्या बघा. अडॅप्टर तपासल्याशिवाय बोर्डात घालू नका. आणि विकण्याआधी ज्याचा तो गेम होता त्याला एक फोन करा. किंमत शंभर रुपये निघो की हजार, पण 'अगं आई, तो देऊ नकोस' असं उत्तर आलं, तर त्या वस्तूचा भाव तिथेच ठरला.

तुमच्या माळ्यावर काय सापडलं ते गटाच्या बैठकीत एकमेकींना दाखवा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.